बूट काढायचं बटण

‘सुधारणा’ हा शब्द कानावर पडला की मला आजही पिकून फुटलेल्या पपईचा वास येतो आणि मळमळतं. पपईचं पुढे सांगतो. आधी गेम.

आम्ही तिघांनी मिळून मोबाइलवर खेळायचा एक गेम बनवला होता. तलवारवाला हिरो, मायावी जंगल, शिंगवाले राक्षस आणि शेवटी नदीकाठच्या पांढऱ्या कड्यात कोरलेलं एक देऊळ. पांढरे कडे सुचायला जबलपूरच्या माणसाला डोकं चालवावं लागत नाही, शाळेची प्रत्येक सहल गावाबाहेरच्या संगमरवरी कड्यांकडेच नेतात. कोड माझा. चित्रं सिहोऱ्याहून रोज बसने येणाऱ्या एका दीदीची; बसमध्ये उभं राहून यावं लागलं की त्या दिवशी तिचे राक्षस फार जिवंत उतरायचे. तिसरा माझा कॉलेजचा मित्र. तोही मराठी, पण त्याची मराठी कानापुरती, तोंड उघडलं की हिंदी. तो बाकीचं सगळं सांभाळायचा, म्हणजे दिवसभर फोनवर बोलायचा. सिविल लाइंसमधल्या एका जुन्या बंगल्यामागे दोन खोल्या भाड्याने घेऊन आम्ही बसायचो. कूलरमध्ये पाणी कोणी भरायचं यावरून आमची जेवढी भांडणं झाली तेवढी गेमवरून झाली नसतील. निदान तो बाजारात येईपर्यंत तरी.

देवळाच्या दारात एक राक्षसीण बसलेली असायची. दुमजली घराएवढी, आठ हातांची, मांडीवर सूप घेऊन धान्य निवडणारी. आम्ही तिला दारवाली म्हणायचो. तिच्यापुढे हिरोच्या तलवारीचं काही चालत नसे. घाव घाला, आगीचे गोळे टाका, ती मान वर करत नसे. बूट घालून पायरी चढलात की तिचा एक हात पुढे यायचा, हिरोला मानगुटीला धरून उचलायचा आणि पायऱ्यांखाली नेऊन ठेवायचा. आपटायचा नाही, ठेवायचा. हिरोचा जीव कणभरही कमी होत नसे. आत जायचा मार्ग एकच होता. हिरोची पिशवी उघडायची, बुटांवर बोट ठेवायचं, ते निघायचे, अनवाणी वर चढायचं. दारवाली एक गुडघा बाजूला घ्यायची आणि आपण आत.

ही दारवाली म्हणजे माझी आई.

बाबा संरक्षण खात्याच्या कारखान्यात लेथवर होते. लोखंडाचा कीस त्यांच्या बुटांच्या तळव्यांत रुतून घरी यायचा. मी रांगत असताना त्यातला एक बारीकसा तुकडा माझ्या गुडघ्यात गेला, पिकला, आणि गुडघ्याला चीर द्यावी लागली. तेव्हापासून आईने निवडण्याचं काम दारात आणलं. कारखाना सुटल्याचा भोंगा व्हायच्या आधी ती सूप घेऊन उंबऱ्याशी बसायची आणि बाबांनी बूट बाहेर काढल्याशिवाय हलायची नाही. पुढे ती सवयच झाली. शेजारीण असो, पोस्टमन असो, नागपूरहून आलेले मामा असोत, ती वर न बघता म्हणायची, “बाहेर काढा.” कोणी विसरून पाय टाकलाच तर ती स्वतःचा पाय आडवा करायची. आवाज चढवल्याचं मला आठवत नाही. बाबा रिटायर झाले, कीस संपला, तरी आई दारातच.

दीदीने पहिलं चित्र काढलं तेव्हा मी ते घरी दाखवलं. आईने चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, “आठ हात असते तर एवढ्या तुरीला दुपार कशाला लागली असती?” पण खूश झाली होती. गेम तयार झाल्यावर तिने तो बाबांच्या फोनवर टाकून घेतला. तिचं खेळणं म्हणजे एवढंच: सरळ देवळापाशी जायचं, बूट काढायचे, आत जायचं, मूर्तीपुढे हिरोला उभं करायचं आणि फोन बंद करायचा. राक्षसांकडे ती फिरकतसुद्धा नसे.

गेम बाजारात आणायला एक कंपनी तयार झाली. करारासाठी तिचा माणूस मुंबईहून आला, तो आमच्या घरीच जेवला. चकचकीत बूट घालून उंबऱ्यापाशी पोचला आणि आई म्हणाली, “जूते बाहर, भैया.” त्याने मुकाट्याने काढले. एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं, ते लपवत तो पाटावर बसला. मग एकदम हसून म्हणाला, “अच्छा, तो दारवाली अम्मा आप हैं!” आई लाजली आणि तिने त्याच्या गोळाभातावर फोडणीचं तेल आणखी एक पळी घातलं. त्याने मागून मागून खाल्लं. हे मी मुद्दाम सांगतो आहे. त्याला सगळं माहीत होतं.

गेम आला आणि लोकांनी आम्हाला शिव्यांनी झोडपलं.

“बुढ़िया मरती ही नहीं.” “बग है.” “बनाने वाले को इसी के सामने खड़ा करो.” फुकट गेम उतरवून पैसे परत मागणारे महाभागही होते. मी रोज सकाळी चहा घेत हे वाचायचो आणि चहा कडू लागायचा. दारवालीपुढे माणसं तासन्तास तलवार फिरवत होती. तोंडावर, सुपावर, गुडघ्यावर. बूट काढायचं एकाच्याही डोक्यात येत नव्हतं.

चूक आमची होती, हे कबूल. देऊळ आहे, पायऱ्या आहेत, दारात बाई निवडत बसली आहे. यापुढे माणसाला आणखी काय सांगायचं, असं आम्हाला वाटलं होतं. बरं, बाजारात आणण्याआधी आम्ही गेम कितीतरी जणांना खेळायला दिला होता. एकही अडकला नव्हता. पण ते सगळे कोण? आमचे मित्र, नातेवाईक, बाबांच्या फॅक्टरीतल्या लोकांची मुलं. म्हणजे आमच्या घरी येऊन, आईसमोर चपला काढून आत गेलेली माणसं. त्यांनी दारवालीला पाहिलं आणि त्यांचा हात आपोआप बुटांकडे गेला. आम्ही समजलो, जग असंच आहे.

पहिली सुधारणा दीदीने केली. पायऱ्यांखाली चपला-बुटांची एक रांग काढली. कोल्हापुरी, जुनी सँडल, लहान मुलीचे लाल बूट, सगळं इतकं सुंदर की माझं काम बाजूला ठेवून मी ते बघत बसलो. आता तरी कळेल, असं आम्हाला वाटलं. कळलं ते असं: गेममध्ये मडकी फोडली की नाणी मिळायची, म्हणून लोक त्या चपलांवर तलवार चालवू लागले. लाल बूट उडाले, सँडल उडाली, आणि नाणी निघाली नाहीत म्हणून नव्या तक्रारी आल्या. दीदीने ते व्हिडिओ पाहिले आणि लॅपटॉपचं झाकण खाडकन मिटलं. “भैया, इन लोगों के घर में माँ-बाप नहीं हैं क्या?” त्या दिवशी ती लवकरच्या बसने घरी गेली.

मी म्हटलं, पाटी लावू. मित्र म्हणाला, “कोई पढ़ता नहीं है यार.” पाटी लावली. कोणी वाचली नाही.

मग एक व्हिडिओ आला. कुठल्याशा पोराने हिरोला नवे बूट घालायचे म्हणून जुने काढले होते, तेवढ्यात त्याचा हिरो पायरी चढला आणि दारवालीने वाट दिली. पोरगं किंचाळलं. व्हिडिओचं नाव त्याने ठेवलं होतं ‘जुगाड’. गावभर तो व्हिडिओ फिरला. मी खुर्चीतून उठून नाचलो, सगळ्यांसाठी खोव्याची जिलेबी आणली. सापडलं एकदाचं! संध्याकाळी कंपनीच्या माणसाचा फोन आला. बूट काढले की न लढताच पुढे जाता येतं, हा बग ताबडतोब दुरुस्त करा, म्हणाला.

मी त्याला समजावलं की हाच तर खरा मार्ग आहे. मी आजारी असल्यासारखं ‘हां, हां’ करत तो ऐकून घेत होता. मग त्याने स्वतःच्या मागण्या सांगितल्या. दारवालीच्या डोक्यावर जिवाची लाल पट्टी पाहिजे. ती मरायला पाहिजे. “और अम्मा को मारने में मज़ा आना चाहिए.” शिवाय दुकानात आता सोन्याचे बूट विकायचे होते, पैसे देऊन घेतलेले बूट गेममध्ये काढायला लावले तर गिऱ्हाईक चिडेल, म्हणून पिशवीतलं बूट काढायचं बटणच काढून टाका.

“आपने उनके हाथ का खाना खाया है,” मी म्हणालो.

“अरे, वो अलग बात है भाई. आंटी को मेरा नमस्ते कहना.”

किळस येणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. गोळाभात खाताना त्याच्या हनुवटीवरून ओघळलेलं तेल मला दिसत राहिलं.

तिघांनी बसून ठरवायचं होतं. मित्र कंपनीच्या बाजूने, हे उघडच. “एक कैरेक्टर ही तो है,” तो म्हणाला. तो माझ्या आईला काकू म्हणतो आणि दर दिवाळीला तिच्या चकल्या डबा भरून नेतो. मी दीदीकडे बघितलं. ती पेन्सिलीला टोक करत होती. ते करता करताच म्हणाली, “मुझे भी अच्छा नहीं लग रहा. पर गेम बंद हो गया तो मैं सिहोरा में बैठकर क्या करूँगी? शादी के कार्ड बनाऊँगी?” दारवालीचा कोड माझा होता. दुसऱ्या कोणी त्यात हात घालून ती चिरण्यापेक्षा मीच कामाला बसलो.

गेम सुधारायचा म्हणजे काय काय करावं लागतं ते लोकांना माहीत नसतं, तेच बरं. दारवालीचा जीव कमी होईल तसा एकेक हात गळून पडायचा. हात पडला की नाणी. घाव बसल्याचा आवाज ओला पाहिजे, अशी सूचना होती. तयार आवाज कंपनीला पसंत पडेनात, म्हणून मी हातगाडीवरून फार पिकलेल्या, कोणी घेईना अशा पपया आणल्या, खोलीत वर्तमानपत्र पसरलं आणि माइक लावून सुरी खुपसत बसलो. बिया, पाणी, बोटांत शिरलेला तो गोडसर कुजका वास. मित्र हेडफोन लावून ऐकत होता आणि अंगठा वर करत होता. “और गीला, और गीला.” मी बाहेर जाऊन नळाखाली हात धुतले, पुन्हा धुतले, आणि बंगल्याच्या कुंपणापाशी ओकलो.

मरताना दारवालीच्या हातून सूप पडायचं होतं. तो आवाज मला घरीच मिळणार होता. आई शेजारी गेली होती तेवढ्यात मी तिचं सूप उचललं आणि तुरीसकट फरशीवर सोडलं. डाळ खोलीभर, पलंगाखाली, टीव्हीमागे. तेवढ्यात आई आलीच.

“काय करून राहिला बाबू? काहून सांडलं?”

“आवाज पाहिजे होता. गेमसाठी.”

“मंग मला सांगायचं ना. मीच सांडलं असतं, नीट.” आणि ती खाली बसून एकेक दाणा गोळा करू लागली. मी फोनचं रेकॉर्डिंग बंद करायला विसरलो होतो. त्या फाइलमध्ये सूप पडल्यानंतर बराच वेळ तिच्या बांगड्यांचा आवाज आहे. तो मी कापून टाकला.

एक शेवटची सूचना राहिली होती. बसलेल्या बाईला मारायचं म्हटलं तर काही लोकांना वाईट वाटेल, कंपनीचा माणूस म्हणाला. “पहले वो मारे, तो सबको ठीक लगेगा.” म्हणून असं ठरलं की हिरो पायऱ्यांपाशी आला की दारवालीने स्वतःच उठायचं आणि वार करायचा. चार ओळींचं काम. पपईनंतर मला ते सगळ्यात कमी घाणेरडं वाटलं. झटक्यात लिहून टाकलं.

नवा गेम बाजारात गेला आणि लोकांनी दिलेले तारे चढायला लागले. “अब आया मज़ा.” “बुढ़िया गई.” सोन्याच्या बुटांचा खप बघून मित्राने जिलेबी आणली. माझी मी कागदात तशीच ठेवली. लोक दारवालीला मारल्याचे व्हिडिओ टाकायचे, तिचे हात मोजायचे, सुपातून नाणी कशी जास्त पाडायची याच्या युक्त्या सांगायचे. पूर्वी ज्यांच्या शिव्यांचा वीट यायचा त्यांच्या कौतुकाची आता शिसारी येऊ लागली.

घरी मी काही बोललो नव्हतो. माझ्या फोनमधून गेम काढून टाकला होता; आईने विचारलं तर दुरुस्ती सुरू आहे म्हणायचं ठरवलं होतं. पण बाबांच्या फोनवर सगळं आपोआप अपडेट होतं, हे माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्याच्या ध्यानात आलं नाही.

एका रविवारी दुपारी मी आंघोळ करून बाहेर आलो तर आई दारात बसलेली, सूप बाजूला, आणि हातात बाबांचा फोन. हिरो पांढऱ्या पायऱ्यांकडे चालला होता. मी ओला टॉवेल हातात घेऊन तिथेच उभा राहिलो. फोन हिसकावून घ्यावा असं वाटलं, पण घेऊन सांगणार काय?

“बाबू, बूट काढायचं कुठे गेलं रे? सापडून नाही राहिलं.”

“काढून टाकलं ते.”

“काहून?”

“बूट विकतो आता आपण. सोन्याचे.”

“अच्छा.” तिने पिशवी पुन्हा एकदा उघडून बघितली, बोट फिरवलं, बंद केली. मला वाटलं, आता ती पुढे जाईल, तलवार चालेल, हात गळेल, आणि ती पपई तिच्या कानांवर पडेल. पण आईने हिरोला एकही पायरी चढवली नाही. पायऱ्यांच्या खाली, बाजूला, जिथे पूर्वी दीदीची चपलांची रांग होती, तिथे त्याला नेऊन उभं केलं.

“मंग आपण बाहेरच उभं राहू,” ती म्हणाली, आणि फोन गुडघ्यावर ठेवून सूप जवळ ओढलं.

दारवाली उठली. आठही हात वर गेले. पहिल्या फटक्यात हिरो कड्यावर आपटला, दुसऱ्यात त्याच्या जिवाची अर्धी पट्टी गेली. आई दचकली. तिने फोन उचलून डोळ्यांजवळ नेला. एकही बटण तिने दाबलं नाही. हिरो मार खात राहिला आणि ती त्या दारवालीकडे बघत राहिली, जसं कोणी आपल्याबद्दल भलतंच सांगत असताना माणूस ऐकून घेतं तसं.

“हे काय?” ती म्हणाली. “मी तर बाहेरच उभी होती.”

मी टॉवेलची घडी घालू लागलो.

“ती काहून मारून राहिली मंग?” आता तिने माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत दारातून मान वर करून माझ्याकडे असं पाहिल्याचं मला आठवत नाही. “बाहेर थांबलेल्याला मी कधी मारलं काय रे?”

तिने फोन माझ्या हातात दिला आणि निवडायला लागली. पडद्यावर दारवाली पुन्हा जागेवर जाऊन बसली होती. पायऱ्यांपाशी हिरो पालथा पडला होता आणि त्याच्या पायात बूट तसेच होते.